चाळिशीतले शिष्यत्व

काशीत मराठी माणूस शिकावयास येतो, ही गोष्ट नवी नाही. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात येथे 'त्रिस्थलीसेतु' हा ग्रंथ रचला, आणि त्याच घराण्यातील गागाभट्ट १६७४ साली शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासाठी येथूनच रायगडावर गेले. वेद, न्याय, व्याकरण, मीमांसा यांपैकी काहीतरी गाठीस बांधून घ्यावे म्हणून कोकणातून आणि देशावरून पिढ्यान्‌पिढ्या मुले येथे आली, दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांतून वाढली, आणि त्यांतील कित्येक येथलीच होऊन राहिली. मी आलो तो बदलीच्या हुकुमाने. आणि वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी येथे जे शिकावयाचे मी मनात धरले ते या परंपरेत कोठेच बसणारे नाही. मला विकावयास शिकायचे होते. आजच्या भाषेत सांगावयाचे तर मार्केटिंगची पदव्युत्तर पदवी घ्यावयाची होती. आणि तीही हौसेखातर नव्हे, तर पुढे सरकारी नोकरी सोडून त्याच कामावर संसार चालवावा या हेतूने.

हा बेत प्रथम बोलून दाखविला तेव्हा येथील मराठी स्नेह्यांत क्षणभर शांतता पसरली. लेखापरीक्षा खात्यातील एक ज्येष्ठ गृहस्थ थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे आता तुम्ही साबण विकणार?" साबणाविषयी त्यांच्या मनात काही अढी असेल असे मला वाटत नाही. अढी होती ती विकणाऱ्याविषयी. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी, असे आपल्याकडे म्हणतात खरे. परंतु मराठी मध्यमवर्गाने ही म्हण तोंडाने म्हणत म्हणत आचरणात पुरती उलटी केली. शेती कुळांकडे गेली, व्यापार आपण दुसऱ्यांवर सोपविला, आणि जिला कनिष्ठ म्हटले तिच्यासाठी नवस केले. गंमत अशी की 'आपण' या शब्दाचाच संस्कृतात एक अर्थ दुकान असा आहे. मराठीत मात्र 'आपण' म्हणताना दुकान कोणाच्या मनात येत नाही. कार्यालयातल्या पाटीवर मार्केटिंगला 'विपणन' म्हणतात, आणि तो शब्द इतका शुद्ध आहे की त्याखाली काही खरोखर विकले जात असेल अशी शंकादेखील येऊ नये.

मी त्या गृहस्थांना लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण करून दिली. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि बेळगावात धंदा मांडला. त्यांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. नांगर उत्तम होता. पण उत्तम असणे आणि खपणे यांच्यामध्ये जी दोन वर्षे गेली, त्या दोन वर्षांत काय करावयाचे असते, एवढेच मला शिकायचे आहे, असे मी म्हणालो. ते म्हणाले, "किर्लोस्कर किर्लोस्कर होते." यावर बोलण्यासारखे काही नव्हते.

हे खूळ डोक्यात कसे आले ते सांगणे भाग आहे. माझी नोकरी कापडाच्या तपासणीची. चौदा वर्षे मी सुताचा पीळ मोजला, रेशमाचा धागा काडीने जाळून वास घेतला, रंग पक्का की कच्चा ते पाहिले. खरे रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. कृत्रिम धाग्याची कडक गोळी उरते. हे ज्ञान काशीत फार उपयोगी, कारण येथे दोन्ही प्रकारचे धागे एकाच गल्लीत, कधी एकाच साडीत, नांदतात. अस्सल मालाला खूण मिळावी म्हणून सरकारने प्रयत्न थोडे केलेले नाहीत. २००४ साली सिल्क मार्क आला, २००६ साली हातमागाच्या कापडासाठी हँडलूम मार्क आला, आणि २००९ साली बनारसी साड्या व किनखाब यांना भौगोलिक मानांकन मिळाले. वाराणसी, मिर्झापूर, चंदौली, भदोही, जौनपूर आणि आझमगढ या सहा जिल्ह्यांबाहेर विणलेल्या साडीला आता बनारसी म्हणता येत नाही. कायद्याने म्हणता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सुरतेच्या यंत्रमागावरची 'बनारसी' काशीच्याच चौकात ढिगाने विकली जाते आणि घेणारी ती आनंदाने नेते.

मदनपुऱ्यातील एक वृद्ध विणकर अधूनमधून नमुने घेऊन आमच्याकडे येत. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. ते कढुआ पद्धतीने विणतात; म्हणजे प्रत्येक बुट्टा वेगळा, हाताने भरलेला, आणि साडी उलटून पाहिली तर मागे एकही लोंबता धागा नाही. अशी एक साडी पुरी व्हावयास महिना-दोन महिने, कधी अधिकही लागतात. एकदा त्यांचा नमुना सर्व परीक्षांत उतरला. मी अहवालावर सही करून कागद त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, काळजीपूर्वक घडी घातली आणि म्हणाले, "साहब, ठप्पा तो आपने लगा दिया. अब गाहक भी लगा दीजिए."

त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. धाकटा मुलगा सुरतेला यंत्रमागावर गेला होता, थोरला ऑटोरिक्षा चालवीत होता, आणि घरातल्या दोन मागांपैकी एक बंद होता. त्यांनी सरळ एक मागणी केली आणि ती माझ्या अधिकारात नव्हती. आपण सरकारी माणसे ज्या जागी बसतो, तेथे माणूस आपल्याकडे अर्ज घेऊन येतो. आपण त्याच्याकडे जात नाही. चाचांच्या साडीला मी कितीही शिक्के मारले तरी पुण्याच्या किंवा बंगळूरच्या एखाद्या बाईला ती साडी दुप्पट पैसे देऊन का घ्यावी हे सांगणारा कोणी तिच्यापर्यंत जाणार नव्हता. मला तो जाणारा व्हावयाचे होते.

आता अडचण अशी की सरकारी नोकराला हे नोकरीत राहून करून पाहता येत नाही. आचरण नियमांप्रमाणे खाजगी व्यापारधंद्यात पडावयाचे नाही. तेव्हा शनिवार-रविवारी एखाद्या पेढीवर बसून पाहावे म्हटले तर तीही वाट बंद. राहता राहिली अभ्यासरजा. आपल्यापैकी ज्यांनी १९७२ चे रजा नियम कधी गंभीरपणे उघडले असतील त्यांस ठाऊकच आहे की पाच वर्षांच्या सेवेनंतर ही रजा मागता येते, एका वेळी सामान्यतः बारा महिने आणि सबंध सेवेत चोवीस महिने मिळू शकते. पण अभ्यासाचा विषय आपल्या कामाशी निकटचा असावा लागतो, आणि परत आल्यावर तीन वर्षे सेवा करण्याचे बंधपत्र द्यावे लागते. म्हणजे नोकरी सोडता यावी म्हणून जो अभ्यास करावयाचा, त्यासाठी नोकरी सोडणार नाही असे लिहून द्यावयाचे. नियमाचा यात काही दोष नाही. सरकारने स्वतःच्या पैशाने आपले नोकर दुसऱ्यांसाठी का घडवावेत? मी अभ्यासरजेचा विचार सोडला आणि बिनपगारी असाधारण रजेचा धरला. आमची पिढी २००४ नंतरची असल्याने जुन्या निवृत्तिवेतनाची बेडी आमच्या पायात नाही. जी रक्कम साठते ती नोकरी सोडली तरी आपल्याबरोबर येते. वडिलांच्या पिढीला जो विचार करताच आला नसता तो आम्हांला निदान करता तरी येतो.

मग माहितीपत्रके जमवावयास लागलो. तीन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

या विद्येला हिंदुस्थानात रुजून तशी फार वर्षे झालेली नाहीत. कलकत्त्यास समाजकल्याण व व्यवसाय व्यवस्थापनाची संस्था १९५३ साली निघाली. १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद येथे दोन आय. आय. एम. स्थापन झाल्या, पहिलीला एम. आय. टी.चे आणि दुसरीला हार्वर्डचे साहाय्य होते. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची, तिला स्टॅनफर्डचा हात. आणि आमच्या घरापासून सायकलच्या टप्प्यात असलेल्या काशी हिंदू विश्वविद्यालयात व्यवस्थापनाचा विभाग १९६८ साली सुरू झाला. अमेरिकेत कॉटलर यांचा मार्केटिंगवरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला त्याच्या दुसऱ्याच वर्षी! तेव्हा काशीत ही विद्या काल आली असे म्हणता येणार नाही.

तुलना करावयास बसलो तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की अभ्यासक्रमावरून काहीच ठरत नाही. ग्राहकाचे वर्तन, बाजाराचे संशोधन, विक्री आणि वितरण, ब्रँड, जाहिरात, अलीकडे भर पडलेले डिजिटल मार्केटिंग. सगळीकडे हीच नावे, आणि पहिल्या वर्षी सर्वांच्या हाती तोच कॉटलर. निरनिराळ्या संस्थांची पाने एकमेकांत मिसळली तर कोणते कोणाचे हे संस्थाचालकांनाही सांगता येणार नाही. दुसरी गोष्ट पगाराच्या आकड्यांची. प्रत्येक पत्रकावर विद्यार्थ्यांना मिळालेल्या पगाराची सरासरी ठळक अक्षरांत छापलेली असते. आता सरासरी या शब्दाविषयी आम्हां तपासनिसांचे काही निराळे संस्कार असतात. सुताची सरासरी ताकद कितीही चांगली असली तरी सूत तुटते ते सगळ्यांत कच्च्या जागी. म्हणून आम्ही सरासरीबरोबर कच्च्या जागाही मोजतो. चाळिशीचा, पंधरा वर्षे सरकारी खुर्चीत बसलेला, कधी एक पेन्सिलही न विकलेला विद्यार्थी ही त्या वर्गातली कच्ची जागा होय. तिचे पुढे काय झाले, हा आकडा कोणी छापत नाही. मी पत्रे लिहून तो विचारला. बहुतेकांनी उत्तर दिले नाही. ओळखीच्या एका प्राध्यापकांनी मात्र स्पष्ट सांगितले, "आमच्या दारी येणाऱ्या कंपन्या तेवीस-चोवीस वर्षांची मुले शोधतात. तुम्ही आलात तर शिकून जाल. नोकरी तुमची तुम्हालाच शोधावी लागेल." हे ऐकून धीर खचावयास हवा होता, उलट मला बरे वाटले. माहितीपत्रकाला कोणीतरी काडी लावून दाखविली होती.

एका खाजगी संस्थेचा प्रतिनिधी, नाव सांगत नाही, रोज सकाळी दूरध्वनी करून जागा भरत आल्याचे सांगे. तीन आठवडे त्या जागा भरतच होत्या.

उरल्या त्यांत चार वाटा विचार करण्याजोग्या होत्या. पहिली अहमदाबादच्या आय. आय. एम.ची. अनुभवी लोकांसाठी २००६ पासून तेथे एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो. बरोबर बसणारे सगळे जाणते, नाव जगात गाजलेले, आणि फी तीस लाखांच्या वर. एवढे कर्ज डोक्यावर घेतलेला माणूस नंतर चाचांची साडी विकावयास येत नाही. येऊच शकत नाही. ज्या बँकेने पैसे दिले तीच त्याचे पुढचे पाऊल ठरविते. दुसरी वाट अहमदाबादजवळच्याच शेला येथील 'मायका' या संस्थेची. १९९१ साली निघालेली ही संस्था जाहिरात आणि मार्केटिंग यांसाठीच वाहिलेली आहे आणि त्या विषयात तिच्यासारखी दुसरी नाही, असे मला वाटते. तिचे नाव ऐकून शेजारच्या मिश्राइनबाईंनी सौ.ला विचारले, "भैयाजी मायके क्यों जा रहे हैं?" तो विनोद आमच्या घरी महिनाभर पुरला. पण तेथे जावयाचे म्हणजे दोन वर्षे कुटुंब येथे आणि मी तेथे; नववीतला मुलगा आणि सौ.ची येथील शाळेतली नोकरी. बदलीची नोकरी करणाऱ्यांनी एकदा घर दोन ठिकाणी मांडले की ते पुन्हा एकत्र करावयास किती वर्षे लागतात हे वाचकांस सांगावयास नको.

तिसरी वाट मुक्त विद्यापीठाची. इग्नूचे विभागीय केंद्र वाराणसीतच आहे, मार्केटिंगमधील एम. बी. ए. कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार वर्षांत पुरे करता येते. परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. आणि उद्या बदली गुवाहाटीस झाली तरी पुस्तके ट्रंकेत घालून बरोबर नेता येतात. ती पुस्तके मी आणून वाचली. नेटकी, स्वच्छ, विद्यार्थ्याचा वेळ न घालविणारी. आपल्यापैकी ज्यांना आहे त्याच नोकरीत वर चढावयाचे आहे, किंवा निवृत्तीनंतर काही करण्याची तयारी ठेवावयाची आहे, त्यांनी फार विचार न करता हीच वाट धरावी असे माझे मत आहे. मुंबईस बदली होण्याचे भाग्य असलेल्यांना तेथे संध्याकाळचे वर्गही होते. नोकरी करीत करीत तीन वर्षांत मार्केटिंग शिकलेले कितीतरी लोक त्या शहराने पाहिले आहेत. ती सोय काशीत नाही. चौथी वाट म्हणजे येथील विश्वविद्यालयाचा दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम. मोठ्या संस्थांच्या मानाने फी फारच कमी, पण दोन वर्षांचा पगार बुडणार. आणि प्रवेशासाठी नोव्हेंबरातील कॅट परीक्षा, मग गटचर्चा आणि मुलाखत.

मी कागदावर रकाने पाडून सगळे लिहून काढले, जसे आपण कोणताही निर्णय पुढे ढकलताना करतो. तो कागद सौ.ने वाचला आणि एक निराळीच हकीकत सांगितली. तिच्या वडिलांचे अकोल्यास कापडाचे दुकान होते. ती म्हणाली, "अहो, दुकानात नवा मुलगा लागला की बाबा त्याला सहा महिने हातात गज धरू देत नसत. गिऱ्हाईक उठून गेलं की पसरलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या, एवढंच काम. आई म्हणायची, पोराला राबवून घेतात. पण सहा महिन्यांनी त्या पोराला ठाऊक असायचं, की कोणत्या बाईनं काय नाकारलं आणि कशासाठी. तुमच्या या चार शाळांपैकी घड्या कुठली घालायला लावते?"

मी चौदा वर्षांत जेवढे अहवाल लिहिले त्यांत एवढा नेमका प्रश्न मला सुचलेला आठवत नाही. कागद बाजूला ठेवला आणि प्रत्येक वाटेला तोच प्रश्न लावला. मुक्त विद्यापीठाची पुस्तके ग्राहकाविषयी सर्व काही सांगतात, पण ग्राहक उठून जाताना दिसत नाही. शेवटी एक प्रकल्प करावयाचा असतो. तो मनापासून करणाऱ्यास पुष्कळ शिकविल, पण त्यापूर्वी दोन वर्षे माणूस आपल्या खोलीत एकटाच असतो, आणि खुर्चीची सवय मोडावयाची ज्याला गरज आहे त्याला खुर्चीतच बसवून शिकविण्यात अर्थ नाही. अहमदाबादच्या एका वर्षात प्रसंगांवरून चर्चा होतात, त्या उत्तम असणार. पण ते प्रसंग दुसऱ्यांनी पाहिलेले. पूर्णवेळ दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मात्र मधल्या उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या कंपनीत काम करावेच लागते, बाजारात जाऊन पाहणी करून यावे लागते, आणि आपल्याहून सोळा वर्षांनी लहान मुलांबरोबर एका गटात बसून त्यांचे ऐकावे लागते. यांतली शेवटची गोष्ट मला सर्वांत कठीण वाटली, म्हणूनच तिचे वजन मी अधिक धरले. ज्यांना पुढे साड्या घ्यावयाच्या आहेत त्या मुली त्या वर्गात बसलेल्या असणार. त्या काय नाकारतात हे मला चाचा सांगू शकणार नाहीत.

आणि पूर्णवेळच घ्यावयाचे तर काशीतच का, याचे उत्तर मला कुंजगल्लीत मिळाले. संध्याकाळी कचेरी सुटल्यावर मी तेथे जाऊन बसू लागलो. ओळखीच्या एका गद्दीदाराने बसू दिले, चहा पाजला, आणि मी विकत घेणार नाही हे ठाऊक असूनही कधी तोंड वाकडे केले नाही. पांढऱ्या चादरीची गादी, भिंतीशी लोड, मागे कपाटे. विणकर बगलेत गठ्ठा घेऊन येतो, कापड उलगडतो, गद्दीदार एक नजर टाकतो आणि बोटांनी किंमत सांगतो. दुसऱ्या वेळी गिऱ्हाईक येते आणि त्याच कापडाची गोष्ट अगदी निराळ्या शब्दांत सांगितली जाते. एकदा नागपूरकडचे एक कुटुंब आले, मुलीचे लग्न होते. आमची भाषा कानी पडताच गद्दीदाराने 'साडी' हा शब्द टाकून दिला आणि 'शालू' म्हणू लागला. किंमत त्याने अर्धा तास काढली नाही. लग्न कोठे, कोणत्या महिन्यात, मुलीचा वर्ण कसा, सासूबाई बरोबर आल्या आहेत का, एवढेच विचारीत राहिला. शेवटी त्यांनी घेतला तो शालू यंत्रमागावरचा होता, हे मला पाच हात अंतरावरून दिसत होते. शेजारीच कढुआचा एक शालू घडीत पडला होता, किंमत तिप्पट. तो त्याने उलगडला, बाईंनी हात फिरविला, "छान आहे हो," म्हणाल्या, आणि पुढे सरकल्या. त्याची पाठ कोणी उलटून दाखविली नाही. दाखविली असती तरी त्या बाईंना तीत काय पाहावयाचे हे कळले असते की नाही, मी सांगू शकत नाही. त्या दिवशी घडी मी घातली. गद्दीदार हसला, पण नको म्हणाला नाही.

हा बाजार मला दुसऱ्या कोणत्याही शहरात बरोबर नेता येणार नव्हता. काशीतील माझी चार वर्षे पुरी होत आली होती. केव्हाही हुकूम येईल, आणि मग मुक्त विद्यापीठाची पुस्तके माझ्याबरोबर येतील, पण कुंजगल्ली येथेच राहील. पदवी कोठेही घेता येते. ज्या मालासाठी ती घ्यावयाची तो माल, त्याचा विणकर, त्याचा दलाल आणि त्याचे गिऱ्हाईक एका तासाच्या पायपिटीत भेटतील अशी जागा माझ्यापुरती ही एकच. शिवाय येथील व्यापाऱ्यांच्या आधीपासून हे शास्त्र जाणणारे लोकही घाटावर बसलेले आहेत. आपल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहा! गाव, घराणे, कोण केव्हा येऊन गेला, त्याच्या बापाने कोणते श्राद्ध केले, सगळे नोंदलेले. यात्रेकरू पहिल्यांदा काशीत पाऊल ठेवतो आणि समोरचा माणूस त्याच्या आजोबांचे नाव सांगतो. बाजारातले भाग पाडणे, गिऱ्हाईक टिकविणे, असे जे मोठमोठे धडे पुस्तकांत येतात ते मी वाचतो तेव्हा मला त्या लाल कापडात बांधलेल्या वह्या दिसतात. आणि ज्या विद्यापीठात मला शिकावयाचे ते तर एका ब्राह्मणाने देशभर दारोदार हिंडून, राजापासून सामान्यापर्यंत प्रत्येकापुढे पदर पसरून उभे केले. मालवीयजी जर खुर्चीत बसून अर्जांची वाट पाहते तर १९१६ साली त्याची कोनशिला बसली नसती.

परीक्षेविषयी थोडक्यात सांगतो. दोन तासांत तीन भाग, प्रत्येकास चाळीस मिनिटे, सगळे संगणकावर. मुलगा शेजारी बसून गणिते सोडवी आणि माझा वेळ लावी. नववीतल्या मुलाकडून टक्केवारी आणि गुणोत्तरे पुन्हा शिकताना बापाची जी अवस्था होते ती झाली. परीक्षाकेंद्राच्या दारात रांगेत उभा असता पहारेकऱ्याने मला "पालकांनी बाहेर थांबावे" असे हिंदीत नम्रपणे सांगितले. मी ओळखपत्र दाखविले. तो ओशाळला, आणि मागच्या मुली हसल्या, मीही हसलो. गुण फार मोठे पडले नाहीत, बेताचे पडले. पण मुलाखतीचे बोलावणे आले.

मुलाखतीत तीन परीक्षक होते. त्यांतील सर्वांत तरुण बाईंनी विचारले, "चौदा वर्षांत आपण काय विकले आहे?" मी म्हणालो, "काहीच नाही. चौदा वर्षे मी लोकांचा माल नाकारीत आलो." त्यांनी काहीतरी लिहून घेतले. मग मधल्या गृहस्थांनी विचारले की पदवीनंतर कंपनीत नोकरी मिळाली नाही तर काय कराल. मी चाचांच्या दोन मागांची गोष्ट सांगितली, आणि मदनपुऱ्यातील दहा-बारा विणकरांचा माल थेट मुंबई-पुण्याच्या घरांपर्यंत नेण्याचा माझा अंदाज सांगितला. त्यातला खर्च, भांडवल आणि पहिली दोन वर्षे होणारा तोटाही सांगितला. तोट्याच्या आकड्यावर ते बराच वेळ अडून बसले आणि शेवटी म्हणाले की तो मी कमी धरला आहे. पुढे सौ.नेही हिशेब पाहून तेच सांगितले.

जागा मिळाली. यादी लागली त्या दिवशी चाचांना सांगावयास गेलो. दोन वर्षे शिकावयाचे म्हटल्यावर त्यांनी मान हलविली. त्यांच्या मते साडी विकावयास दोन वर्षे शिकणे म्हणजे आंबा खाण्यापूर्वी झाड मोजणे होय. तरी उठताना त्यांनी बंद मागावरची धूळ फडक्याने झटकली आणि तो विकणार होतो, तूर्त ठेवतो, असे सांगितले. माझ्या डोक्यावर कोणते ओझे चढले आहे ते मला त्या घरातून बाहेर पडताना कळले.

घरखर्चाचा हिशेब सौ.ने मांडला आहे. तिचा पगार, साठविलेल्यातून दरमहा ठराविक रक्कम, सरकारी घर सोडावे लागले तर लंकेवर दोन खोल्या, आणि दोन वर्षे महाराष्ट्रात जाणे फक्त एकदा. पुण्याच्या काकांचे पत्र आले आहे. बढती तोंडावर आली असताना हा उपद्व्याप कशासाठी, असे त्यांनी विचारले आहे, आणि शेवटी ताजा कलम घालून काकूंसाठी एक खरी बनारसी माफक दरात पाहून ठेवावी असे लिहिले आहे. असाधारण रजेचा अर्ज वरच्या कार्यालयात गेला आहे. त्यात या अभ्यासाचा कार्यालयास काय उपयोग, असा रकाना होता. तेथे मी 'तूर्त काही नाही' असे खरे तेच लिहिले, आणि आमच्या साहेबांनी ते वाचून काही न बोलता पुढे पाठविले. फीचा पहिला हप्ता परवा भरला. अर्ज नामंजूर होऊन आला तर द्यावयाचा राजीनाम्याचा मसुदा टेबलाच्या खणात तयार आहे. तो मी एक पानभर लिहिला होता, सौ.ने चार ओळींवर आणून ठेवला आहे.